चौथा चौकोन

रविवार, १६ एप्रिल २०२३

छापखान्याने घोळ केलाच! सातशे पत्रकं आली आणि रंग जांभळा नाही — वांग्याचा. माझ्या बायकोचा, ग्लेनिसचा निवडणुकीतला जांभळा म्हणजे माळावरच्या हेदर फुलांचा, किंचित राखाडीकडे झुकलेला. १९९१ साली तो मी स्वतः मिसळून दिला होता. छापणारा म्हणतो, लोक नाव वाचतात, रंग नाही. मी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लोक आधी रंगच वाचतात.

पत्रकं परत पाठवायला वेळ नाही. निवडणूक चार मेला.

नियम असा: कौन्सिलची मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी उरले असताना नगरसेवक वारला तर पोटनिवडणूक होत नाही. म्हणून ग्लेनिस डिसेंबरात गेली तेव्हापासून आमच्या मिल वॉर्डाची खुर्ची रिकामी आहे. आता त्या खुर्चीसाठी उमेदवार मी. अपक्ष, तिच्यासारखाच. इतकी वर्षं मी तिचा एजंट होतो — कायदा मी बघायचा, माणसं ती. सोळाव्या वर्षी शाळा सोडली मी. निवडणुकीचा कायदा वाचनालयात बसून शिकलो, आणि माझ्या अर्जात एक स्वल्पविराम चुकलेला अजून कुणाला सापडलेला नाही.

तिची खुर्ची भलत्याच्या बुडाखाली जाऊ द्यायची नाही. बाकी मला काही नको.

मंगळवार, १८ एप्रिल

मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णक्रमाने. अ‍ॅस्क्यू सर्वांत वर! मग रेडफर्न, मग वेब नावाचे कुणी गृहस्थ — त्यांना वॉर्डात अजून कुणी पाहिलेलं नाही. आळशी मतदार पहिल्याच नावाशी थांबतो. ग्लेनिसला हे सांगितलं की ती म्हणायची, म्हणजे मी तुझ्याशी लग्न केलं ते आडनावासाठीच.

शनिवार, २२ एप्रिल

दारोदार फिरलो. टॅमसिन लीड्सहून आली आहे, बापाला मदत करायला रजा काढून. वीव्हर्स रोवरच्या एका बाईंनी कालव्यावरच्या बंद पुलाचं विचारलं. मी सांगितलं की पूल आमच्या बरो कौन्सिलकडे नाही, वरच्या काउंटी कौन्सिलकडे आहे, आणि का आहे तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग आत काहीतरी करपतंय म्हणाल्या आणि दार लागलं.

टॅमसिन फाटकाशी हसत उभी.

"बाबा, त्यांना पूल नको होता रे. आई आधी गुडघा विचारायची, मग कुत्रा, मग पूल."

माझं उत्तर बरोबर होतं, मी म्हटलं.

"हो ना. तेच तर."

पुढच्या घरी म्हाताऱ्या गृहस्थांना गुडघा विचारला. गुडघा उत्तम आहे म्हणाले. त्यापुढे काय बोलायचं ते मला कुठे ठाऊक! दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुम्ही ग्लेनिसचे मिस्टर ना?" मग मात्र थांबले नाहीत. त्यांच्या बायकोच्या आजारपणात ती दर बुधवारी यायची म्हणे, कचऱ्याच्या डब्याचं निमित्त काढून. मला हे माहीत नव्हतं. बुधवारी ती उशिरा का यायची याची मी तिच्याकडे तक्रार केलेली मात्र आठवते.

बुधवार, २६ एप्रिल

आज कामात लक्ष नाही. खाटकाच्या दुकानावर सोनेरी अक्षरं काढत होतो आणि डोक्यात १९९१.

तिची पहिली निवडणूक. उमेदवाराने छातीवर लावायची रिबिनीची फुलं तिने पडद्याच्या अस्तराची केली होती. छातीवर लावलं की दुपारपर्यंत उसवायचं. मोजणी तेव्हा टाउन हॉलमध्ये व्हायची — हिरव्या बनातीची टेबलं, बँकेतून मागवलेले कारकून, बोटांत रबरी टोप्या. फरशीला मेणाचा वास. दोनशेहून जास्त मतांनी पडली! महापौरांनी सज्जातून निकाल वाचला, खाली पाऊस, आणि जिंकलेल्या माणसासाठी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती कोण, तर ही. मी रागाने बोलत नव्हतो. भिंतीच्या आडोशाला उभं राहून आम्ही एकाच कागदातून बटाट्याचे चिप्स खाल्ले. व्हिनेगर जास्त झालं होतं. बोटं चोखत म्हणाली, "चार वर्षांनी परत."

चार वर्षांनी निवडून आली ती शेवटपर्यंत.

मोजणीतला माझा आवडता भाग म्हणजे शंकास्पद मतपत्रिका. अधिकारी एकेक वर धरतात, उमेदवार आणि एजंट माना पुढे काढून बघतात. कुणी फुटबॉलच्या पंचाला शिव्या लिहिलेल्या, कुणी स्वतःच्या कुत्र्याला मत दिलेलं. उमेदवारांच्या यादीखाली आपल्या मनातलं नाव लिहायचं, शेजारी स्वतःच चौकोन काढायचा आणि त्यात फुली मारायची! कसली ही अक्कल, मी म्हणायचो. एवढं चालत आलात ते मत वाया घालवायला? ग्लेनिस हसायची नाही. म्हणायची, बूट घालून आला ना तो, मर्व. त्याला काहीतरी सांगायचं होतं.

मी म्हणायचो, मग पत्र लिहावं.

रविवार, ३० एप्रिल

दारात कॅलम रेडफर्न! मोठ्या पक्षाचा उमेदवार, तिशीसुद्धा नाही. हातात पत्रकं, पायांत नवे बूट, टाचा सोललेल्या दिसत होत्या. मतदारयादी न बघता दारं वाजवत आला होता. तुमच्या मताची आशा धरू का, असं विचारलं — मला! मग माझ्या छातीवरचं जांभळं फूल दिसलं आणि कान लाल झाले. टॅमसिनने त्याला आत बोलावून चहा दिला. वर टाचांना पट्ट्याही दिल्या. मी तिला म्हटलं, शत्रूला रसद पुरवतेस. म्हणाली, आईने केकही दिला असता.

पोरगा वाईट नाही. पूल काउंटीकडे आहे हे त्याला ठाऊक होतं.

गुरुवार, ४ मे

मतदान. मेथडिस्ट चॅपलच्या सभागृहाबाहेर सकाळपासून खुर्ची टाकून बसलो.

उघडताच पहिल्यांदा आत जाऊन आलो. यंदा प्रथमच फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. आतली मुलगी मला लहानपणापासून ओळखते, तरी माझ्या लायसनकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं. योग्यच केलं. नियम तो नियम.

समोरच्या खुर्चीवर डोरीन हक्स्टेबल, रेडफर्नच्या पक्षाची. आमचं काम एकच: मत देऊन येणाऱ्याला त्याचा मतदार क्रमांक विचारायचा, म्हणजे आपल्यातलं कोण यायचं राहिलं ते कळतं. या दारात ग्लेनिस आणि डोरीन प्रत्येक निवडणुकीला अशा समोरासमोर बसायच्या. दिवसभर एकमेकींच्या राजकारणाची टर उडवायच्या आणि दुपारी डोरीनच्या थर्मासमधलं लीकचं, म्हणजे कांद्याच्या जातीच्या भाजीचं, सूप वाटून प्यायच्या. घरी आली की ग्लेनिस सांगायची, बाई मत देण्यात चुकते, पण मीठ घालण्यात नाही.

आज डोरीनने थर्मास काढला आणि त्याबरोबर दोन पेले. दुसऱ्याकडे बघत राहिली.

"सवय," म्हणाली. मग भरला आणि माझ्यापुढे धरला. "पी आता. तुझ्यासाठी नव्हता आणला."

मीठ बरोबर होतं.

एक म्हातारे ओळखपत्र नाही म्हणून परत गेले. पुन्हा आले तेव्हा बसचा पास, पासपोर्ट आणि लग्नाचा फोटो असं सगळंच घेऊन आले. फोटोत ते आहेत हे सिद्ध करायचं होतं म्हणे! डोरीन आणि मी इतके हसलो की आतून केंद्राध्यक्ष बघायला आल्या. बऱ्याच दिवसांनी हसलो. मग जरा कसंतरी झालं.

निघताना डोरीनला विचारलं, तू कुणाला दिलंस? तिरकं बघत म्हणाली, मतदान गुप्त असतं, मर्व, हे तूच मला शिकवलंयस.

शुक्रवार, ५ मे

जे झालं ते क्रमाने लिहितो.

मोजणी हल्ली क्रीडा संकुलात. पायाखाली बॅडमिंटनच्या रेघा, वर दोऱ्यांना गुंडाळलेली जाळी, क्लोरीनचा वास पलीकडच्या तलावातून. बनात नाही, घडीची टेबलं. तरी कागद पेट्यांतून टेबलावर ओतले तेव्हा आवाज तोच आला, टाउन हॉलमधला. मी शेजारी वळलो, तिला काहीतरी सांगायला. शेजारी टॅमसिन होती.

दुपारी गठ्ठे लागले. अ‍ॅस्क्यू आणि रेडफर्न, टेबलाच्या कडेला दोन सारख्या भिंती. वेबसाहेबांचा ढीग चहाच्या बशीएवढा. डोरीन पलीकडून मान उंचावून बघत होती. कॅलम नखं खात होता.

मग शंकास्पद मतपत्रिका. निवडणूक निर्णय अधिकारी मिस लॅथम, शांत बाई. रिकाम्या काही — बाद. दोघांपुढे फुल्या — बाद. एकीत माझ्या चौकोनात हसरा चेहरा. मत कुणाला ते स्पष्ट, धरलं. त्यानंतर त्यांनी तीन कागद बाजूला काढले आणि जरा वेळ नुसते धरून ठेवले.

तिन्हींवर छापील यादीच्या खाली, मोकळ्या जागेत, पेन्सिलने चौथा चौकोन काढलेला. त्यात फुली. आणि शेजारी नाव. एकावर कापऱ्या मोठ्या अक्षरांत ग्लेनिस अ‍ॅस्क्यू. दुसऱ्यावर नुसतंच ग्लेनिस. तिसऱ्यावर पूर्ण नाव, आधी 'नगरसेविका' लावून.



मिस लॅथम म्हणाल्या, एरवी हे सरळ बाद. पण आडनाव तेच, कुटुंब तेच. मतदाराला मिस्टर अ‍ॅस्क्यू यांनाच मत द्यायचं होतं असा युक्तिवाद होऊ शकतो. उमेदवारांचं म्हणणं काय? रेडफर्नचा एजंट तोंड उघडणार तेवढ्यात कॅलमने त्याच्या बाहीला हात लावला.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला.

मी गठ्ठ्यांकडे बघितलं. तीन कागद म्हणजे काय ते मला दिसत होतं. टॅमसिनलाही. तिने माझा हात धरला होता.

"माझी आहे," मी म्हटलं. "ही मतं मला नाहीत. तिला आहेत."

बाद. तिन्ही.

आकडे आले: रेडफर्न सहाशे बारा, अ‍ॅस्क्यू सहाशे अकरा. फेरमोजणी मागितली, तो माझा हक्क. पुन्हा तेच. आणखी एक मत असतं तर बरोबरी, आणि मग मिस लॅथमना दोन चिठ्ठ्यांतून एक उचलावी लागली असती. तीन असती तर — असो.

निकाल वाचला तेव्हा टाळ्या वाजवल्या. जोरात. १९९१ साली मी वाजवल्या नव्हत्या.

बाहेर गाड्यांपाशी डोरीन आली. जिंकलेल्या पक्षाची बाई, पण तोंड सुतक्यासारखं. "मर्व, तू गाढव आहेस," म्हणाली. "तिने घेतली असती ती मतं. मिस लॅथमचे आभार मानून घेतली असती."

घेतली असती. खरंच घेतली असती!

शनिवार, ६ मे

लंडनला नव्या राजाचा राज्याभिषेक. इथे पाऊस. गल्लीतली मेजवानी चॅपलच्या सभागृहात हलवली, पताका ओल्याच आत टांगल्या. कॅलमने सगळ्यांना सँडविचेस वाढली आणि सहा जणांचे गुडघे विचारले. शिकतोय. टॅमसिन संध्याकाळच्या गाडीने परत गेली. फलाटावर म्हणाली, "बाबा, आईची खुर्ची गेली, आई नाही गेली." मी म्हटलं, सामान नीट वर ठेव.

रविवार, ७ मे

डोरीन आली. हातात थर्मास. कोट न काढता स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, एक सांगते, पण आमच्या पक्षाला कळलं तर मी तुझं नाव घेईन.

कापऱ्या अक्षरांचा कागद तिचा.

"इतकी वर्षं तिच्या विरुद्ध मत दिलं, मर्व. दर वेळी बाहेर येऊन तिला सांगायचे, दिलं गं तुझ्या विरुद्ध. ती म्हणायची, सूप काढ. गुरुवारी आत गेले, पेन्सिल उचलली, आणि म्हटलं, आता बाहेर जाऊन सांगू कुणाला? म्हणून एकदा दिलं तिला." नाक पुसलं. "बाद होणार हे ठाऊक होतं. तू एवढ्या वेळा सांगितलंयस."

मग मला विचारू लागली, बाकीचे दोन कुणाचे असतील. नुसतं 'ग्लेनिस' लिहिणारा कोण, याचा आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला. वीव्हर्स रोपर्यंत सगळी घरं मनात फिरलो. सापडलं नाही. तिसऱ्याविषयी म्हणाली, कुणीतरी शिकलेला असणार, पदासकट लिहिलंय.

मी सूप प्यालो.

सोमवार, ८ मे

राज्याभिषेकाची सुट्टी. डोरीनला काल सांगायला हवं होतं. निदान इथे तरी लिहितो. तिसरा कागद माझा. माझं नाव सर्वांत वर होतं, पुढे रिकामा चौकोन, हातात पेन्सिल — आणि हात खाली गेला. जवळ पट्टी नव्हती. तरी रेघा सरळ आल्या.