हाताच्या उंचीवरचे डबे

रविवार, ५ जानेवारी २०२५

सापडला! सापडला, सापडला!

चिंचवडगावातल्या आमच्या बसथांब्याच्या खांबाला इतके नट-बोल्ट आहेत, त्यातला एक खोटा! चुंबकाचा. ओढला की हातात येतो. आत पोकळ, आणि पोकळीत कागदाची सुरळी. तिच्यावर माझ्याआधी आलेल्यांची नावं. मी ‘विजयश्री’ लिहिलं आणि नट होता तिथे लावला. रक्ततपासणीच्या लॅबला कामावर जायला मी रोज याच थांब्यावर उभी असते. कितीदा त्या नटाला पाठ टेकली असेल देव जाणे!

हे वेड लावलं लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या दिव्याने. कुणीतरी डबा लपवतो, ॲपवर जागा टाकतो. आपण शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं, होता तसा ठेवायचा. मग ॲपवर नोंद करायची — ‘सापडला’ किंवा ‘नाही सापडला’. बस, एवढंच.

घरी येऊन नवऱ्याला, गणराजला सांगितलं. तो चाकणच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेला, ताटावर बसलेला. “मंग मिळालं काय तुला?” म्हणाला. काय सांगणार? नट मिळाला आणि परत लावून आले!

लपवणाऱ्याने स्वतःचं नाव ‘मधली सुट्टी’ ठेवलंय. नट-बोल्टच्या गावात नट लपवायचा — काय डोकं म्हणायचं!

शुक्रवार, १० जानेवारी

थांब्यावर उभं राहून त्या नटाकडे न बघणं फार अवघड आहे.

रविवार, १२ जानेवारी

कासारवाडी. पुन्हा ‘मधली सुट्टी’चाच डबा. ॲपवर त्याची सूचना अशी — ‘आधी चहा. मग डबा. हा क्रम चुकवू नये.’

मी अर्थातच चुकवला. टपरीच्या फळीखाली हात घालून चाचपायला लागले तर मालकीण रुक्मिणीबाई गाळणी हातात घेऊन समोर उभी! “बाई, चहा सांगितला का?” नाही म्हटलं. “मग हात काढा.” काढला. चहा सांगितला, प्यायले, कप ठेवला. तेव्हा ती दुसरीकडे तोंड करून म्हणाली, “आता शोधा. मी बघत नाही.”

डबा फळीच्या खालच्या बाजूला होता, आलं ठेवायच्या डबीसारखी डबी, आल्याच्याच डब्यांच्या रांगेत. झाकणाच्या आत लिहिलंय — ‘होता तसा ठेवा. जास्त चांगला नको, होता तसा.’ हे वाक्य मला फार आवडलं. रुक्मिणीबाईंना विचारलं, हा माणूस कसा आहे हो? तर म्हणे, “परवानगी मागून ठेवलाय. एवढं कोण विचारतं आजकाल.” बाकी काही सांगेनात.

रविवार, १९ जानेवारी

आज चोर ठरले!

भोसरीत एका बंद शेडच्या कुंपणाशी तिसऱ्याच कुणाचा तरी डबा होता, गटारावरच्या फरशीखाली. मी पालथी पडून हात आत घातलेला, आणि वरून वॉचमन — “ओ ताई, काय गाडताय?” ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना आमच्यात ‘बघे’ म्हणतात. बघ्यांसमोर डबा काढायचा नाही, पण कुणी सरळ विचारलं तर खोटंही बोलायचं नाही — असा दंडक. म्हणून मी सगळं खरं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “घरी कुणी आहे का तुमच्या? नंबर द्या.” गणराज फोनवर एवढा हसला की वॉचमनलाच माझी दया आली.

गुडघे सोलले. येताना रिक्षात विचार करत होते — ‘मधली सुट्टी’चे डबे असे नसतात. तो कधी वाकायला लावत नाही, चढायला नाही, गटारात हात घालायला नाही. सगळे कमरेच्या-छातीच्या उंचीवर. समोर असतात तरी दिसत नाहीत! कुणी झाडावर टांगलं, पुलाखाली चिकटवलं की ते अवघड होतं, त्यात काय मोठंसं? याचं अवघड वेगळंच. आणि आमच्यासारख्या साडीवाल्या, गुडघेदुखीवाल्यांचा केवढा विचार केलाय त्याने! असा पुरुष लाखात एक.

(हे गणराजला वाचून दाखवायचं नाही.)

रविवार, २६ जानेवारी

सुट्टी. त्याचं ॲपवरचं पान नीट वाचलं. गाव चाकण. डबे लपवलेत भरपूर, थेट राजगुरुनगरपर्यंत. पण स्वतः शोधलेले? शेवटचा ‘सापडला’ सहा वर्षांपूर्वीचा. त्यानंतर एकही नाही! नुसतं दुसऱ्यांना देत राहायचं, स्वतः काही घ्यायचं नाही. खरंच मोठा माणूस.

त्याचा एकच डबा चढणीचा आहे. चाकणच्या पलीकडे वासुलीकडच्या टेकडीवर. सगळ्यात जुना, पहिला. त्याच्याखाली लोकांनी ओळीने ‘नाही सापडला’ लिहून ठेवलंय आणि ॲपवाल्यांनी तांबड्या अक्षरांत इशारा दिलाय — मालकाने खात्री केली नाही तर हा डबा यादीतून काढून टाकू.

असं कसं काढतील? याचा पहिला डबा आहे तो! दुपारीच गेले. वर पोचेपर्यंत जीव गेला. दगडन्‌दगड उचकला. नाही मिळाला. नोंद केली नाही. माझ्या नावापुढे आजवर एकही ‘नाही सापडला’ नाही, ते काय आता सुरू करू?

रविवार, २ फेब्रुवारी

परत टेकडी. परत काही नाही. चोरीलाच गेलेला असणार, नाहीतर मला मिळाला नसता होय?

मग एक केलं. पर्समध्ये लॅबची नवी कोरी नमुन्याची बाटली होती, रुंद तोंडाची. तिच्यात कोरा कागद घातला, त्यावर पहिलं माझं नाव लिहिलं आणि दोन दगडांत नीट बसवून आले. ॲपवर फोटो टाकून लिहिलं — ‘सापडला! डबा सुखरूप आहे.’

एका चांगल्या माणसाचा डबा वाचवला. उतरताना गाणं म्हणत होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

त्याचा निरोप आला. प्रत्यक्ष ‘मधली सुट्टी’चा! हातातलं काम टाकून उघडला.

‘नमस्कार. माझ्या डब्यात तांबडा कागद आहे. तुम्ही टाकलेल्या फोटोत पांढरा दिसतो. आपण ठेवलेली बाटली कृपया काढून घ्यावी. दुसऱ्याच्या डब्याच्या जागी आपला डबा ठेवू नये. आता येणारे तुमचीच बाटली शोधून परत जातील. शोधलं आणि मिळालं नाही, हाही खेळच आहे. “नाही सापडला” लिहायला लाजू नये. जमलं तर जुना डबा जागेवर आहे का, तेवढं बघून सांगावं. दमल्यावर सापडतो.’

भर लॅबमध्ये तोंडात मारल्यासारखं झालं. दिव्या म्हणाली, “मॅडम, हे तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला.” सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

लाज ओसरल्यावर आता राग येतोय. एवढी काळजी आहे तर स्वतः जाऊन का बघत नाही? डबा त्याचा, टेकडी त्याच्या चाकणशेजारी, आणि मी चिंचवडहून चढायचं!

रविवार, ९ फेब्रुवारी

तरी गेले. आधी माझी बाटली उचलली. मग पुन्हा शोधलं, पुन्हा नाही. शेवटी दमून एका सपाट दगडावर बसले, पाण्याची बाटली ठेवायला हात मागे नेला, आणि हात सरळ फटीत गेला. डबा! तांबडा कागद!

दमून बसलेल्या माणसाचा हात कुठे जाईल, हे ओळखून ठेवलेला डबा. मी तीनदा त्या दगडावरून चालले होते. बसले मात्र आजच. इतका आनंद मला त्या नटाचाही झाला नव्हता.

आधीची नोंद पुसून खरं लिहिलं — दोनदा नाही सापडला, तिसऱ्यांदा सापडला. त्याला फोटो पाठवला. लगेच उत्तर — ‘डबा आहे ना, जीव भांड्यात पडला. तिथून खाली काय दिसतं त्याचाही एक पाठवाल का?’ पाठवला. कंपन्यांची निळी छपरं, मधून हिरवी शेतं. बऱ्याच वेळाने आलं — ‘छपरं फार वाढली की. चाकणला आलात तर या. बाजाराजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. मालोजी म्हणून विचारा.’

रविवार, १६ फेब्रुवारी

गेले होते. गणराजही बरोबर — “बघू तरी लाखात एक कसा दिसतोय.” (वाचलं म्हणजे त्याने!)

दुकानाला पायरी नाही, उतार आहे. मशीनमागे चाळिशीचा माणूस, हसरा. “या, या. बाटलीवाल्या ताई ना?” मी खाली बघायला लागले. तो चहा सांगायला दाराकडे निघाला — आणि मशीनमागून चाकाची खुर्ची बाहेर आली.

तोच म्हणाला, “सहा वर्सं झाली. कंपनीतून घरी चाललो व्हतो, मोटारसायकल घसरली. टेकडीवरचा तेवढा एक डबा पायानं ठिवलेला हाय. पुढचे समदे खुर्चीवरनं.”

कमरेची उंची, छातीची उंची! साडीवाल्यांचा विचार म्हणे! तो आपला हात पोचेल तिथे ठेवत होता, आणि मी माझ्या गुडघ्यांवरचे उपकार मानत बसले होते. आणि टेकडीवर स्वतः का जात नाही म्हणून चिडले होते. तसं बोलूनही दाखवलं. तो मोठ्याने हसला.

“आणि शोधत का नाही तुम्ही आता?” मी विचारलं. हे विचारायला नको होतं बहुतेक. त्याचं हसू जरा कमी झालं.

“शोधाया पोचाया तर पायजे, ताई. कुणाचा पुलाखाली, कुणाचा झाडावर, कुणाचा वढ्यात. हाताला येतील असे हायेत ते माझेच. आन्‌ आपल्याच डब्यावर ‘सापडला’ लिवता येत न्हाई.” मग म्हणाला, “लपवण्यात मजा हाय. न्हाई असं न्हाई. पण शोधण्याची सर न्हाई त्याला.”

येताना गाडीत नाशिक फाट्याला गणराज म्हणाला, “तू लपीव की एक.”

सोमवार, १७ फेब्रुवारी

सोपा नको. दया म्हणून ठेवलेला डबा त्याला पहिल्या नजरेत कळेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंना विचारून तिथली चाकाची खुर्ची घेतली. मी बसले, गणराज ढकलत होता. जागा शोधायची ती मालोजीच्या उंचीवरूनच शोधायची असं ठरवलं.

चिंचवडसारखं चिंचवड, रोजचा रस्ता — एक फूटपाथ धड असेल तर शपथ! उतार आहे तिथे वर जाहिरातीचा खांब. उतार आणि खांब ठीक, तर मध्ये मोटारसायकल. बागेच्या दाराला गोल फिरणारा दांडा, खुर्ची आत जाईना. गणराज घामाघूम, तोंडाने कुणाकुणाचा उद्धार चाललेला. वर माणसं थांबून थांबून विचारत होती, तेही मला नाही, त्याला — “वहिनींना काय झालं हो?” शेवटी मीच ओरडले, “काही झालं नाही, डबा ठेवायला निघालोय!” तर ते आणखीनच हळहळले.

फिरून फिरून लॅबच्या दारात आलो. तिथे पेशंटसाठी केलेला उतार आहे, स्टीलचं रेलिंग आहे. मी आपोआप रेलिंग धरलं. आणि धरलं तशीच बसून राहिले.

रविवार, २ मार्च

ठेवला! रेलिंगच्या खालच्या टोकाचं बूच गणराजने कंपनीतल्या ओळखीच्याकडून आट्याचं करून आणलंय, हुबेहूब. फिरवलं की निघतं. त्याला आतून दोरा, दोऱ्याला नमुन्याची छोटी नळी, नळीत कागद. दिवसभर शंभर हात त्याला लागतात आणि कुणाला काही कळत नाही. डॉक्टरीणबाईंची परवानगी घेतली. “कुणी बॉम्ब म्हणालं तर?” म्हणाल्या. नळीवर ‘खेळाचा डबा’ अशी चिठ्ठी लावली.

ॲपवर लिहिलं — ‘उतार आहे. बाकी काही मदत मिळणार नाही.’ ॲपवाल्यांनी मान्य केला की सगळ्यांना दिसेल.

दिव्यालासुद्धा जागा सांगितलेली नाही. ती माझ्यावर रुसली आहे.

शनिवार, ८ मार्च

आज मालोजी आला होता. जादा चाकांची स्कूटर, बरोबर आलेल्या त्याच्या बायकोने खुर्ची उतरवून दिली. मी काचेआड नमुन्यांच्या रांगेमागे लपून बघत होते, कामात दोन चुका केल्या. बूच त्याच्या तळहाताखाली होतं! पण बोलले नाही. तो गेल्यावर ॲपवर नोंद आली. सहा वर्षांनी त्याच्या नावापुढे त्याची नोंद —

‘नाही सापडला. तासभर रेलिंग धरून बसलो, चहा पण तिथंच प्यायलो. कुणी काही सांगायचं नाही. उद्या परत येतोय.’