ताटपालट

२ डिसेंबर
अण्णा आजही काकूकडं जेवले. आई ताट वाढून उभी, आणि हे चपला घालून शेजारच्या दारात. दिवाळीपासून असंच. आईशी एक शब्द नाही. काही सांगायचं झालं की मला, "तिला म्हण, मोटार चालू कर." ती दोन हात अंतरावरच उभी असते. मी म्हणजे टपाल.

याचं मूळ ऋता मॅडमचं पुस्तक. (यापुढे नुसतं मॅ. त्यांच्यावर एवढी शाई पुरे.) मागच्या साली पुण्याहून आल्या, 'ग्रामीण स्त्रीचं रोजचं जगणं आणि तिची ओळख' असं काही संशोधन. आमच्याच घरी राहिल्या. आईला आई म्हणायच्या, चुलीपुढं बसून भाकरी थापायला शिकल्या. आणि चुलीपुढं आई जे बोलली ते छापलं.

३ डिसेंबर
ते वाक्य पाठच झालंय. 'लग्न झालं त्या साली मी पळून जाणार व्हते. स्टँडवर गेल्ते. अजूनबी कधी कधी वाटतं, त्या गाडीत बसायला पाह्यजे व्हतं.'

नाव बदललं म्हणे. सुमनबाई. पण घर गिरणीसमोरचं, दार हिरवं, नवरा रोज सकाळी ओट्यावर मोठ्यानं पेपर वाचून दाखवणारा. असा नवरा तीर्थपुरीच्या आसपास एकच.

आणि कहर म्हणजे दिवाळीत पुस्तक अण्णांनाच टपालानं पाठवलं, 'प्रेमाने' लिहून. अण्णांनी हौसेनं ओट्यावर वाचायला घेतलं. चारपाच माणसं ऐकायला. त्या पानावर आले, 'अजूनबी'पर्यंत वाचलं आणि थांबले. पुढचं नंतर ज्यानं त्यानं मागून नेऊन वाचलं. पळून जाणार होती, हे त्यांनी गिळलं असतं. 'अजूनबी' गिळता येत नाही.

९ डिसेंबर
मॅ. चा फोन. जानेवारीत येतायत, कॅमेरा घेऊन. "कुणीच न नोंदवलेली एखादी रीत असेल तर बघा ना, ताई." आवाजात साखर. पुस्तकानं आमचं काय केलं याची चौकशी नाही.
आई म्हणते, "येऊ दे. पोरगीच हाय."
"तुला राग येत नाही का?"
"येतो ना. पर तिनं खोटं थोडंच लिव्हलं?"
मी ताट आपटलं. आईचा राग तेवढ्यावर निवत असेल, माझा नाही.

११ डिसेंबर
शाळेत माझ्या वर्गातली मुलं गणितं सोडवत होती तेव्हा सुचलं. खोटं नाही ना लिहिलं? मग आता लिहू दे.
संध्याकाळी फोन केला. म्हटलं, आईच्या माहेरी, भोकरदनकडं, एक रीत आहे. ताटपालट. कापसाची वेचणी संपून पऱ्हाट्या, म्हणजे वाळकी झाडं, उपटली की त्या दिवशी नवरा बायकोला ताट वाढतो. पलीकडं पेन शोधल्याचा आवाज. मग, "अहो, हे तर फारच मोठं आहे!"
आहेच. तुमच्या घशात अडकेल एवढं.
बेत सरळ. छापून येऊ द्यायचं. मग मी जाहीर सांगणार, ही रीत माझ्या डोक्यातली. बाईंनी शहानिशा न करता छापली. तेव्हा पहिल्या पुस्तकातलं तरी खरं कशावरून? ते वाक्यही त्यातच बुडेल. मॅ. चं नाक कापलं जाईल आणि आईचं ताट परत अण्णांपुढं येईल.

१४ डिसेंबर
काकूला सामील केलं. ती आईची जाऊ, पण त्याआधी चुलतबहीण, माहेर एकच. पदर तोंडात कोंबून हसली. म्हणे, "खोटं बोलायचं तं पोटभर बोलावं." रीतीला शेपूट तिनंच लावलं: बायकोनं जागेवरून उठायचं नाही, नवऱ्यानं 'पोट भरलं का' विचारायचं, आणि ती हो म्हणेपर्यंत वाढत राहायचं.
आई शेंगा फोडत बसली होती. टरफलं बाजूला केली. मग म्हणाली, "सांडतील ते."
म्हणजे तयार आहे.

२८ डिसेंबर
अण्णांना काकूनंच सांगितलं, त्यांना वाढता वाढता.
"भाऊजी, मॅडम येऊन राह्यल्या. तुम्हाला ताटपालट करावी लागंल."
"असली रीत म्या कधी ऐकली न्हाई."
"कधी विचारली?"
अण्णांनी ताक मागितलं. आईला नांदायला लागून इतकी वर्षं झाली, तिच्या माहेरची एक रीत यांना विचारावीशी वाटली नाही. म्हणून तर खपलं.
नंतर मला अंगणात गाठून, "न्हाई म्हणलं तं ते बी छापंल का ती?"
मी म्हटलं, छापेल. आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. दिवाळीपासूनचा थोडा हिशेब यांच्याकडूनही चुकता व्हायचा होता.

१६ जाने.
मॅ. हजर. आईच्या गळ्यात पडल्या. आईनं पाठीवरून हात फिरवला. मी चहा केला, साखर मुद्दाम कमी.

१८ जाने.
आज झालं. नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पऱ्हाट्या सकाळी उपटून झाल्या. संध्याकाळी अंगणात आई पाटावर, निम्मी गल्ली भिंतीला टेकून, मॅ. चा कॅमेरा. अण्णांनी भाकरी वाढली. वांग्याची भाजी. ठेचा. पळी डाव्या हातात धरली, कुणी हसलं नाही. मग तिथंच थांबले. आत गेले, डब्यांचा आवाज झाला, दारात येऊन आईला म्हणाले,
"मीठ कुठं हाय?"
दिवाळीनंतरचा पहिला शब्द. आईनं वर न बघता सांगितलं, "फडताळात. हळदीच्या मागं."
मीठ आणलं.
"पोट भरलं का?"
"न्हाई."
परत वाढलं. परत विचारलं. "न्हाई." तिसऱ्यांदाही न्हाई. एवढी भाकरी आई खात नाही, मला माहीत आहे. काकूनं माझ्या दंडाला चिमटा काढला. आमच्या बेतात एकदोन 'न्हाई' होते, इतके नव्हते.
अण्णा टोपली घेऊन तिच्यापुढं खालीच बसले. हळू विचारलं, "त्या दिशी कोणत्या गाडीत बसणार व्हती?"
"भोकरदनच्या."
"मंग काहून न्हाई बसली?"
"जागा नव्हती. उभ्यानं जावं लागलं असतं."
कुणीतरी खोकलं. अण्णांनी तिच्या ताटात अर्धी भाकरी ठेवली आणि उरलेली अर्धी स्वतः खाल्ली, त्याच ताटातल्या भाजीला लावून. 'भरलं' असं आई म्हणालीच नाही.

मॅ. डोळे पुसत मला म्हणतात, "किती सुंदर आहे हो हे." माझ्या अंगाची लाही लाही झाली. परत आईच्या तोंडचं नेलं. या वेळी तर ताट मीच मांडून दिलं.

२१ जाने.
अण्णा घरी जेवले, सलग तिसऱ्या दिवशी. वाढते आईच. बोलतात थोडं. पाणी, मोटार, बैलांची पेंड.
मॅ. गेल्या. जाताना विचारलं, "रीत किती जुनी असेल?" म्हटलं, आमच्या पणजीच्या आधीची.

१२ फेब्रु.
ताटपालटीवरचा मॅ. चा लेख छापून आला. फोटोसकट. आमचा पत्ता सोडून सगळं आहे त्यात. मी फोनवर माझं निवेदन लिहून तयार ठेवलंय, धार लावून. बटण दाबायचं बाकी आहे.

१३ फेब्रु.
नाही दाबलं.
न्हाव्याकडं अण्णांनी ताटपालट समजावून सांगितली म्हणे, बायकोच्या माहेरचा मान म्हणून. तिथं एक म्हातारे म्हणाले, आमचा आजा बी करायचा.

१९ फेब्रु.
मॅ. चा फोन. पुण्यात फिल्म दाखवणार आहेत, आई-अण्णांना मानानं बोलावलंय. हीच वेळ. भरल्या सभेत उघडं पडलं तर बाई आयुष्यात परत कुणाच्या चुलीपुढं बसणार नाहीत. आणि त्याच सभेत पहिल्या रांगेत अण्णा असणार, आपल्याला माकड केलं हे सगळ्यांबरोबर ऐकत. मग काकूकडचं ताट आहेच.
राग कमी झालेला नाही. उलट आता तो ठेवायला जागा नाही, म्हणून जास्त जाळतो.

२२ फेब्रु.
शेवटी आईलाच विचारलं, ते निवेदन पाठवू का. ती कणीक मळत होती.
"तिचं नाक कापायचं आसंल तं काप. पर पह्यलं त्यांला सांग. दुसऱ्याकडून न्हाई. तुझ्या तोंडानं."
"सांगितलं तर ते परत बोलणार नाहीत तुझ्याशी."
"मला म्हाईत हाय." मळतच राहिली. "म्हणून तं तुला सांगाय लावून राह्यले. मला सांगणं व्हत न्हाई."
अण्णा बाहेर पुण्याला घालायचा सदरा उन्हात धरून बघतायत. आत्ता मला हाक मारली, "बाई, इकडं ये, हा डाग दिसतो का पाह्य."
जाते.