सुंदराची जिरेनियमची बाटली

मालवण, कार्तिक वद्य पंचमी, शके १८८०. संध्याकाळ.

आज ताटातली सुरमई तशीच राहिली. बाजारात मासे विकणाऱ्या सुंदराकडचीच ती.

नवऱ्याची होडी बुडाल्यापासून तिला झोप नव्हती. मीच माझ्या तेला-अत्तरांच्या दुकानातून जिरेनियमचं, त्या गुलाबासारख्या वासाच्या पानांचं तेल दिलं. कापसाचा बोळा हुंगायचा, खोबरेलात दोन थेंब घालून कपाळाला चोळायचे, मन निवतं. ती खरोखर झोपू लागली. गेल्या खेपेला मुंबईचा माल आला नाही, तेव्हा बाटलीला तीच चिठ्ठी लावून मी स्वस्तातलं रोशा गवताचं तेल भरलं. वास जवळचा. कुणाला कळणार?

पण माझे कान तिखट. सकाळी दुकानाबाहेर ती जावेला सांगत होती, "वास तोच आसा गो, पण झोप येणा नाय. तात्या खोटा देवचे नाय. माझाच मन थाऱ्यार नाय."

मग हसत आत आली. मासा ताजा आहे हे दाखवायला नेहमीसारखे सुरमईचे कल्ले उघडले. "बघा तात्यानू, लाल आसत मा?"

"तुझ्यार इस्वास आसा गो."

"आसलो तरी बघूक व्हयो!"

इतक्या वर्षांत कल्ले दाखवल्याशिवाय तिने मासा दिला नाही. आणि मी?

खरी बाटली एक आहे, माझ्याच उशाशी. "नवीन माल आला" म्हणून देता येईल, अब्रूही राहील. पण मग दोष तिच्या मनाच्याच माथी. नको. उद्या बाजारात तिच्या टोपलीपुढे बसून आधी खरं सांगायचं, मग बाटली द्यायची. माझे कल्ले लाल की काळे, ते तिने बघावं.