नूपुरच्या रेघोट्या

बागबाजार, कोलकाता

ती. बाबांना चैत्रालीचा नमस्कार,

आम्ही इथे मजेत आहोत. घरही आता लागलंय. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

सरस्वती पूजेला इथे लहान मुलांचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढून घेतात. आपल्या नूपुरचंही मंडपात झालं. तेव्हापासून ती भिंतीसुद्धा सोडत नाही.

या पत्राखाली मी ‘आजोबा, आम्ही मजेत आहोत’ असं ठिपक्यांनी लिहून तिला गिरवायला दिलं. बाईसाहेबांनी ते सोडून शेजारीच भराभर रेघोट्या ओढल्या. काय लिहिलंस विचारलं, तर बोट फिरवत वाचून दाखवलं, “आजोबा, आई इथे कुणाशीच बोलत नाही. तुम्ही या.”

खोडणार होते. पण तिचं स्वतःचं हे पहिलंच लिखाण, आणि त्यात खोडण्यासारखं काही सापडेना.

तुमची,
चैत्राली