नाव नसलेली ओळ

सोमवार, ४ मार्च

ती. आजोबांस,
सा. सलाम वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. काल चर्चमध्ये भर उपासनेत पेटीवाल्या मावशींनी पेटीचं झाकण लावलं, पर्स उचलली आणि मधल्या वाटेने चालत्या झाल्या. तापातसुद्धा ज्यांनी कधी रविवार चुकवला नाही, त्या मावशी. आम्ही सगळे तोंडात मारल्यासारखे बसून राहिलो. पुढचं गीत पेटीविनाच गायलं आणि काय गायलं ते विचारू नका.

करामत माझीच आहे. तुमच्या जागी आलेल्या पाळकसाहेबांनी रविवारची प्रार्थनेची यादी तरुण संघाकडे सोपवली, म्हणजे माझ्या गळ्यात मारली. ती वाचून होईपर्यंत मागच्या बाकांवरची निम्मी मुलं सटकलेली असतात. म्हणून मी तिला कात्री लावली. नावं पडद्यावर दाखवायची होती, त्यामुळे नावाच्या ओळी ठेवल्या. शेवटी एक ओळ होती, 'आणि आपल्यातून दूर गेलेल्या एकासाठी'. कोण, कुठला, संघात कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्यांना विचारलं नाही, कारण ते आदामापासून सुरुवात करतात. ओळ काढून टाकली. यादी वाचून 'आमेन' झालं आणि मावशी उठल्या.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दाराआडूनच म्हणाल्या, की आपल्या आजोबांना विचार. म्हणून विचारते आहे.

लोभ आहे तसाच राहू द्या, कानउघाडणीनंतरही.

तुमची नात


शुक्रवार, ८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी हबकलो. दोनदा लिहायला बसलो, दोनदा उठलो.

तो 'एक' तुझा काका आहे. तुझ्या बाबांचा धाकटा भाऊ. मला एकच मुलगा, असं तू जन्मापासून ऐकत आलीस. ते खोटं आहे, आणि घरात त्याचं नाव काढायचं नाही असा दम देऊन ते मीच तुझ्या बाबांकडून वदवून घेतलं.

तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. मावशींनीच त्याला सूर शिकवले होते. एका रविवारी तो गिटार घेऊन पुढे आला आणि जुनं गीत नव्या, नाचऱ्या चालीत गाऊ लागला. मागची मुलं टाळ्या वाजवू लागली. पुढच्या बाकांवरची वडीलमंडळी माझ्याकडे बघू लागली, आणि मी त्यांना घाबरलो. सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, की असले थेर करायचे असतील तर या दारातून पुन्हा आत येऊ नकोस. तो आलाच नाही. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली.

तुझ्या आजीने हट्ट धरून ती ओळ यादीत घातली. नाव मात्र मी घालू दिलं नाही. ओळ आली, की कागद शेजारच्या माणसाच्या हातात द्यायचो. माझ्या तोंडून ती कधीच वाचली गेली नाही.

मी पुढच्या बाकांसाठी मागचा एक घालवला, तू मागच्यांसाठी पुढची एक. तुला कोणत्या तोंडाने रागावू? हे पत्र मावशींना वाचून दाखव आणि त्यांना परत आण.

रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा आजोबा


मंगळवार, १२ मार्च

ती. आजोबांस,
सा. सलाम वि. वि.

मी अजून सावरलेले नाही. बाबांपुढे तुमचं पत्र धरलं, तर ते गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. बाबांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मावशींनी पत्र ऐकलं आणि मग त्यांनी त्यांच्याकडचं सांगितलं. काका दूरच्या शहरात वाद्यं दुरुस्त करतात. दर रविवारी दुपारी ते मावशींना फोन करतात, वर्षानुवर्षं, कुणाला न सांगण्याच्या अटीवर. आपली ओळ आज वाचली का, एवढंच त्यांना हवं असतं. पूर्वी आणखी एक विचारायचे, की वाचली कुणी, अण्णांनी का, म्हणजे तुम्ही. मावशींना एकदाही हो म्हणता आलं नाही. तुम्ही निवृत्त झालात आणि त्यांनी तो प्रश्न सोडून दिला.

तीन तारखेला मावशींना सांगावं लागलं, की आज वाचली नाही. त्यांनी फोन ठेवून दिला. परवाच्या रविवारी फोन आलाच नाही. मावशींनी दोनदा लावला, ते उचलत नाहीत.

ओळ मी परत घातली आहे. वाचणार मात्र मी नाही. आजोबा, मला तुमचा फार राग आला आहे आणि माझाही तेवढाच.

पत्राची नाही, तुमची वाट बघते.

तुमची नात


गुरुवार, १४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शनिवारच्या गाडीने येतो. तुझ्या बाबांना घ्यायला यायला सांग. त्यांची इच्छा असली तरच.

मावशींना म्हणावं, त्याला निरोप पाठवा, की या रविवारी अण्णा वाचणार आहेत. त्याने फोन उचलला नाही तर घरच्या पत्त्यावर माणूस पाठवा, काहीही करा. नाहीच पोचला निरोप, तरी मी वाचणार, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत दर रविवारी वाचायला येणार. पाळकसाहेबांना माझी ही विनंती कळव.

पडद्यावर 'एकासाठी' असं लिहू नकोस. त्याचं पूर्ण नाव लिही, ते बाबा सांगतील. त्याच्या खाली लिही, की हा या मंडळीच्या पाळकाचा मुलगा, आणि याला त्याच्या बापाने बाहेर काढलं.

तुझ्याकडे लोभ मागायला जीभ रेटत नाही. उरला असेल तेवढा ठेव.

तुझा आजोबा