जिताड्यात ज्यूस

उलवे,
शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६

प्रिय जयमाला आत्या,

पाया पडते. कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? डबा आधी खा, पत्र मग वाच. बिरडं थंड झालं की मजा जाते. डबा निखिल दादा देईल आणि पळेल, आत येणार नाही. तू ओरडशील म्हणून टरकलाय तो.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारू नको. तू फॅमिली ग्रुप सोडलास, माझा फोन उचलत नाहीस. दादाच्या हळदीपासून दीड वर्ष झालं, तू आमच्या दारात आली नाहीस. मला तू घरी यायला हवी आहेस, आत्या. हे सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे. पण आधी गंमत सांगते, नाहीतर तू इथेच कागद फाडशील.

तर, मी हल्ली ॲपल ज्यूस घालून जेवण बनवते! गोडाचं नाही, चांगलं तिखट-मिठाचं. तू आत्ता खाल्लेल्या बिरड्यात गूळ अजिबात नव्हता. खरं सांग, कळलं तुला?

झालं काय, की आमच्या घरात एक-एक लिटरचे सव्वीस पॅक जमले. कसे जमले ते पुढे सांगते. सोफ्याखाली पॅक, शू-रॅकमध्ये पॅक, दादाच्या हेल्मेटच्या मागे पॅक. पप्पा एक घोट प्यायचे आणि तोंड असं वाकडं करायचे की बस. मम्मी फेकू देईना. वाटून टाकू म्हटलं, तर ज्यांना वाटायचे त्यांनीच आणलेले.

मग मी नेटवर बघितलं. बाहेरच्या देशांत लोक ॲपल ज्यूसमध्ये चिकन काय, कोबी काय, कांदे काय, बिनधास्त शिजवतात. म्हटलं, आपण का नाही? आता पुढचं वाचायच्या आधी नीट बसून घे.

कमळाकर काकांनी पप्पांसाठी जिताडा आणला होता. खाडीतला, दोन किलोचा, अजून शेपटी हलेल असा ताजा. मम्मी शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी चिंच नाही, आमसूल नाही, पाणीसुद्धा नाही, अख्खा एक लिटर ज्यूस ओतला. वर दालचिनीची कांडी टाकली. व्हिडिओत होती म्हणून.

मम्मी आली, झाकण काढलं, चमचाभर चाखलं आणि खुर्चीत बसली.

"जिताड्यात ज्यूस! ईशू, बाहेर कोनाला बोलू नको गो. तुजं लगीन व्हायचं हाय."

पप्पांनी मात्र ताटात घेतलं. एक घास खाल्ला. दुसरा पण खाल्ला.

"कालवन मस्त हाय," ते म्हणाले. "वरती जरा बदाम-पिस्ते टाक."

आणि असे हसले ना आत्या! किती दिवसांनी. हसता हसता त्यांनी छातीवर हात ठेवला, तेव्हा मात्र आमचं हसू बंद. तेही सांगते, थांब. कमळाकर काकांना आम्ही सांगितलं, जिताडा एक नंबर झाला होता. तू पण तेच सांग.

पण मी हरले नाही. माझ्या लक्षात आलं की ज्यूस असाच ओतायचा नसतो, आटवायचा असतो. एक लिटर मंद गॅसवर ठेवायचा, वाटीभर उरला की बंद. पहिल्यांदा मी मध्येच रील बघत बसले आणि कढईत डांबर झालं. दुसऱ्यांदा मधासारखा झाला, आणि नुसता गोड नाही, मागून बारीक आंबट पण. त्यात लसूण आणि हिरवी मिरची ठेचून चिकनला लावून बघ. दोन तास ठेवायचं, मग तव्यावर. कडा अशा करपतात की दादा हाडं पण सोडत नाही. तळलेल्या कांद्यात चमचाभर टाकला तर मसूरची आमटी पण लग्नातली वाटते.

आणि बिरडं तर त्याच्यासाठीच जन्मलंय. वाल आत्ता नवेच आलेत. मोड काढून सोलले मम्मीने, रडकुंडीला आली ती सोलताना. आमसूल तेच, खोबरं तेच, फक्त गुळाच्या जागी दोन चमचे आटवलेला ज्यूस. मसाला तुझाच आहे. तुझी ती जुनी बरणी पप्पांनी फ्रीजमध्ये मागे लपवून ठेवलेली. रोजच्याला हात लावू देत नाहीत. आज मागितला तर स्वतः उठून काढून दिला.

आता ते सव्वीस पॅक.

कमळाकर काकांनी तुला सांगितलं ना, पप्पांना व्हायरल झालाय म्हणून? व्हायरल नव्हता, आत्या. डिसेंबरच्या शेवटी पप्पांना अटॅक आला. छोटा. लगेच अँजिओप्लास्टी केली, एक स्टेंट टाकला. घाबरू नको, आई शप्पथ सगळं ठीक आहे. रोज सकाळी टेरेसवर फेऱ्या मारतात, आणि आपली शेतं गेली त्या विमानतळावरचं विमान दिसलं की मला ओढत नेऊन दाखवतात, "बघ, आपल्या शेतावरून उडाला." पण बघायला आलेला प्रत्येक माणूस ज्यूसचा पॅक घेऊन आला. आणि डॉक्टरांनी मीठ एवढं कमी केलं, की पप्पा ताटावरून अर्धे उठायला लागले. माझं हे सगळं किचन तिथून सुरू झालं. शुगर नाहीये त्यांना, तरी डॉक्टरांना विचारून घेतलं. आमसूल आणि हा आटवलेला ज्यूस एकत्र आले की मीठ कमी आहे हे जिभेला लवकर कळत नाही. परवा त्यांनी परत भात मागितला. मम्मी आत जाऊन डोळे पुसून आली.

तुला कळवू नका, हे त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "जयूला कललं तर धावत येल. आजारी मानसाला बघायला येल. तसं नको. यायचं असंल तर मनानी येऊ दे."

म्हणून मी तुला आजारपण सांगून बोलवत नाहीये. मला दुसरंच सांगायचंय, इतका वेळ टाळत होते.

हळदीचा केटरर पप्पांनी नव्हता ठरवला. मी ठरवलेला.

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी येणार होत्या. मला वाटलं, मंडपात पास्ताचा लाइव्ह काउंटर असला की भारी दिसेल, आणि तू पदर खोचून पातेलं ढवळतेयस हे फोटोत बरं नाही दिसणार. लिहितानाही लाज वाटतेय. घरातल्या प्रत्येक हळदीला मटण तूच करतेस, पप्पांच्या लग्नापासून. म्हणून ते म्हणाले, आधी जयूला विचार. मी म्हटलं, विचारलं, आत्या बोलली की ह्या वेळी तिला पण आराम हवाय. तुला मी विचारलंच नव्हतं.

मग तू आलीस, मसाल्याचा डबा आणि तुझा मोठा डाव घेऊन. केटररचा माणूस म्हणाला, "आंटी, साइड में." तू पप्पांकडे बघितलंस. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. एका सेकंदात त्यांना सगळं कळलं, आणि ते तुला म्हणाले, "हां, मीच बोललो." तू डबा तसाच उचललास आणि न जेवता गेलीस. मी तिथेच उभी होते, हातात फोन.

पप्पा मला त्यावरून कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आज सकाळी हा डबा भरत होते, तर ते ओट्यापाशी आले.

"कोनाला?"

"प्रियाला." प्रिया म्हणजे माझी ऑफिसमधली मैत्रीण.

त्यांनी तांदळाची भाकरी बघितली, तुला लागते म्हणून ठेवलेली लसणाची हिरवी पात बघितली. "तुजी प्रिया ही पात खाते?"

त्यांनी बोटाने बिरडं चाखलं.

"मीठ टाक वरून," म्हणाले. "मना बंदी हाय. तिला नाय."

आणि गेले टेरेसवर.

मीठ टाकलंय, आत्या. उद्या रविवार आहे, आम्ही सगळे घरी आहोत. रागावून ये, न बोलता ये, आल्या आल्या सगळ्यांसमोर मला दोन ठेवून दे, पण ये. तुझ्या नावाने खोटं मी बोलले आणि दीड वर्ष तुझा भाऊ त्याची शिक्षा भोगतोय. हे मला त्यांच्यासमोर, तुझ्यासमोर, तोंडाने बोलायचंय. पत्रात बोलले म्हणजे सुटले, असं मला नको.

बेल वाजली की दार मीच उघडणार आहे.

तुला न विचारताच ‘विचारलं’ म्हणणारी,
तुझी भाची
ईश्वरी