कपाटातला कोहळा

धोंडबा, पुडीवर लौकी लिहून आत कोहळ्याचं बी भरणारा माणूस साऱ्या रामटेकात तूच एक असशील. शाळेत तू माह्यापेक्षा तीन वर्ग जास्त शिकला. मी चौथीत घरी बसली तवा आईनं सांगितलं होतं, पोराले शिकू दे, तो घराचं नाव काढन. काढलं तू. मी आषाढात लौकी लावली (सून तिले दुधी म्हणते) अन् पोळ्याले वेलावर कोहळे धरले. माह्या घरात जे काही झालं ते सगळं तुह्या पुडीपासून झालं, म्हणून पहिले हे लिहून मोकळी होते, मंग बाकीचं.

तुले अन् शोभाले जयभीम. तुह्या गुडघ्याचं कसं काय? धंतोलीच्या डॉक्टरनं देल्लेल्या गोळ्या तू बरं वाटलं की सोडून देत असशील, हे मले इथं बसून दिसते. (शोभा, त्या गोळ्या त्याच्या हातात नको देऊ, भातात दे.) माही तब्येत कान सोडून ठीक आहे. कानामुळंच हे पत्र लिहून राहिली. फोन लावला की आमचा अंकुश फोनचा आवाज मोठा करून मधात ठेवते, मंग मी तुह्याशी बोलते ते सून ऐकते, शेजारच्या सिंधूताई ऐकतात, अन् गल्लीतला भाजीवालाही थांबून ऐकते. काही गोष्टी अशा असतात की त्या भाजीवाल्याले सांगायच्या नसतात.

तर अंकुशनं घर नवीन केलं. उन्हाळ्यात सुरू झालं, पंधरा दिवसांत होईन म्हणाला होता, आता गरम कपडे काढायची वेळ आली. ठेकेदार प्रेमानंद म्हणून आहे, स्वभावानं चांगला. काही विचारलं की "येऊन राहिलं, आजी" म्हणते अन् हसते. सैपाकघर अन् बैठक यांच्यातली भिंत पाडली. आता मी फोडणी देल्ली की पाहुण्याले ठसका लागते, अन् पाहुणा काय बोलून राहिला ते मले चुलीपाशी ऐकू येते (म्हणजे आलं असतं, कान असते तर). मले विचारलं होतं बरं का, आई तुले काय पाहिजे. मी म्हटलं, मले मोरी पाहिजे, बसून भांडे घासता येतील अशी. सगळ्यांनी मान हलवली. मंग छातीएवढा उंच सिंक लावला. माह्या छातीएवढा नाही, सुनेच्या. मी त्याच्यापुढं उभी राहिली की मले फक्त नळ दिसते.

पण खोटं कायले लिहू. ते नवीन खण आहेत ना, धक्का देल्ला की अर्ध्यात थांबतात अन् मंग आपलेआप हळूच बंद होतात, आवाज नाही, काही नाही. पहिल्या दिवशी मी चमच्यांचा खण अर्धा घंटा उघड-बंद करून पाह्यला. सून भावना आली तर मी चमचे मोजून राहिली असं दाखवलं. या घरात सत्तेचाळीस वर्षं झाली, कोणतंच दार माह्याशी इतक्या मानानं वागलं नव्हतं.

आता मागच्या जागेचं सांगते, कारण मुद्दा तिथंच आहे. सैपाकघराच्या मागं दहा पावलं लांब अन् सहा पावलं रुंद माती आहे. जुन्या मोरीचं पाणी तिथं जात होतं, म्हणून काळी अन् मऊ. तोडफोडीत निघालेला कडप्पा मी तिथं दोन विटांवर ठेवला अन् बसायले जागा केली. जुन्या कूलरची टाकी फुटली होती, तिच्यात माती भरून सांबारासाठी धने टाकले, वर जाळी झाकली. सकाळी चहा घेऊन मी तिथं जाते. नव्या सोफ्यावर बसली तर कोणी म्हणते पाय खाली घे, कोणी म्हणते तेलाचं डोकं टेकवू नको, कोणी म्हणते जरा सरक, पोछा मारू दे. त्या कडप्प्यावरून मले ऊठ म्हणणारं कोणी नाही. आता अंकुशच्या डोक्यात आलं की तिथं सिमेंटचे गट्टू बसवायचे अन् स्कूटर ठेवायची. स्कूटरले सावली पाहिजे म्हणे. मी म्हटलं, मलेही पाहिजे. तो हसला, त्याले वाटलं मी गंमत केली.

तुहं बी मी तिथंच लावलं होतं. वेल असा काही सुटला की भिंत चढून सैपाकघराच्या खिडकीवर गेला. पण आमच्याकडं वांदरं येतात. पहिले चार कोहळे त्यांनी एकेक चावा घेऊन फेकून देल्ले, जसे काही मीठ पाहून राहिले. पाचवा मात्र मले वाचवायचाच होता. आता त्या भिंतीले प्रेमानंदनं एक गोल भोक पाडून ठेवलं होतं. गॅसच्या वर धूर ओढायची मशीन बसते ना, तिच्या नळीसाठी. मशीन पोळ्यापासून येऊन राहिली. आतल्या बाजूनं त्या भोकावर मशीनचं कपाट लावून ठेवलं, रिकामंच, अन् मशीन नाही म्हणून ते कोणी उघडत नाही. मी पाह्यलं की भोक मोठं अन् कोहळा मुठीएवढा. स्टुलावर चढली (हे अंकुशले सांगू नको), अन् कोहळा हळूच भोकातून आत सोडला. वेल बाहेर, पानं बाहेर, पाणी बाहेर, कोहळा आत फळीवर बसलेला. वांदरांचा बाप आला तरी सापडत नाही.

महिनाभर मी तो विषय मनातून काढून टाकला. कोहळ्यानं नाही काढला.

दिवाळीनंतरच्या पुनवेले अंकुशनं नव्या घराची वंदना ठेवली. भंतेजी आले, नातलग अन् गल्लीतले मिळून चाळीस माणसं. भावनानं आठ दिवस सैपाकघर पुसलं होतं, दगडी ओटा असा की तोंड पाहावं. भिंत नाही म्हणून बसल्या जागेवरून सगळ्यांले सगळं दिसत होतं, तिले तेच पाहिजे होतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मंग भंतेजी म्हणाले, दोन मिनिटं डोळे मिटून शांत बसा. सगळे बसले. मी एक डोळा उघडा ठेवला, कारण सकाळपासून त्या कपाटाचं दार मले पोटुशी बाईसारखं दिसून राहिलं होतं. अन् तसंच झालं. कर्र आवाज आला. मले तो ऐकू आला, म्हणजे पाहा केवढा असन. मंग ते दार हळूहळू, मानानं, जसं प्रेमानंदनं बनवलं होतं तसं, पूर्ण उघडलं. आत कोहळा. पांढरा, राख लागलेला, दोन्ही बाजूंनी फळीवर पसरलेला, जसा काही आमंत्रण देऊन बसवला.

भंतेजींनी डोळे उघडले, पाह्यलं, अन् म्हणाले, "कोहळा आहे." मंग परत डोळे मिटले. दोन मिनिटं व्हायची होती.

त्यानंतर त्या दगडी ओट्याकडं कोणी पाह्यलं नाही. चाळीस माणसं रांगेनं कपाट पाहून गेली. भावना माह्याशी तीन दिवस बोलली नाही, म्हणजे बोलली, पण भिंतीकडं पाहून. चौथ्या दिवशी मी पाह्यलं तर तिनं आपली जुनी ओढणी घडी करून कोहळ्याखाली सरकवली होती, खालून डाग पडू नये म्हणून. मी म्हटलं, "काहून वं?" ती म्हणे, "फळीले ओरखडे पडतात, आई." मी हो म्हटलं. आता ती रोज सकाळी कपाट उघडून पाहते. फळी पाहत असन.

सिंधूताई म्हणाल्या, असा कोहळा दारावर टांगायले द्या, नजर लागत नाही. मी म्हटलं, आमच्यात टांगत नाहीत बाई, खातात.

पण प्रेमानंदची मशीन नेमकी आताच आली. म्हणजे वेल कापा, भोक मोकळं करा, अन् त्याच दिवशी मागं गट्टूही बसवा, एकाच गाडीत सगळं येते. अंकुशनं तारीख देल्ली. त्याले मी दोन दिवस सरळ सांगून पाह्यलं की मले ती जागा पाहिजे. "आई, तुह्यासाठी बैठकीत नवीन खुर्ची आणतो," म्हणाला. खुर्ची आणते म्हणे. असो, आमचं असं चाललं आहे. बाकी सगळं क्षेम. तुह्या गोळ्या घे.

तुही बहीण,
इंदूबाई

ता. क. खरं काम आता लिहिते. सरळ बोलून होत नाही म्हणून मी अंकुशले सांगितलं की हे बी आपल्या आईच्या घरचं आहे. तिच्या छपरावर दरवर्षी हाच वेल राहत होता, ती गेल्यावर मामानं बी जपलं अन् मले धाडलं. पोट्ट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, मंग आजीच्या बियाच्या जागी गट्टू नको, मशीनची नळीही दुसरीकडून काढू. पण बँकेत नोकरी करते ना, सही तपासल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. रविवारी मामाले फोन करून विचारतो म्हणाला. तुले माहीत आहे अन् मलेही, आपल्या आईनं जन्मात एक वेल लावला नाही. दिवसभर लोकांच्या वावरात निंदून आल्यावर तिले मातीकडं पाहायची इच्छा राहत नव्हती. घरी आली की पाय धुऊन उंबऱ्यावर बसत होती, अन् आपल्या दोघांपैकी कोणी तिले ऊठ म्हटलं नाही. त्याच्यानं हे सारंच काही खोटं नाही, असं मी धरून चालली.

आणखी एक. हे पत्र लिहून झालं अन् तांदळाच्या डब्यात हात घातला तर तुही पुडी भेटली. दोरा तसाच. उघडून पाह्यलं, लौकीच आहे. तोडफोडीच्या वेळी सगळं सामान पोत्यात भरलं होतं, त्यात सिंधूताईंनी देल्लेली पुडी मी वरचं नाव न पाहता तुही समजून लावली. म्हणजे कोहळा त्यांचा. आता वेलावर पुढचा धरला की तो त्यांले टांगायले द्यावा लागन. वर तुले जे बोलली ते मात्र खोडत नाही, कागद खराब होते. पुढच्या चुकीत वळतं करून घेजो.

रविवारी अंकुशचा फोन आला की तू उचलायचा नाही. तुह्यानं खोटं बोलणं होत नाही, लहानपणी बोरं मी चोरत होती अन् विचारायच्या आधी कबूल तू करत होता. तू वावरात जाजो. फोन शोभानं उचलायचा, अन् तिनंच उत्तर द्यायचं.